पोर्तुगालने खोडले, गोव्याने जपले

गोव्यात डोक्यावर अक्षता पडण्याआधी कागदावर सही पडते. मुलगा-मुलगी जन्मदाखले, रहिवासी दाखले घेऊन निबंधकाकडे जातात आणि लग्न करण्याचा इरादा नोंदवतात, ही पहिली सही. मग काही दिवस त्यांची नावे कार्यालयाच्या फलकावर लागतात. हरकत आली नाही की साक्षीदारांसह दुसरी सही, आणि कायद्याच्या लेखी लग्न लागले. चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांची वाट थोडी वेगळी आहे, पण पहिली सही त्यांनाही चुकत नाही. मी गेली २५ वर्षे अशाच एका तालुका कार्यालयासमोर टेबल टाकून दस्त लिहून देतो. पहिली सही झाली म्हणजे लग्न झाले असे समजून फसलेल्या मुली पाहिल्या आहेत, दुसऱ्या सहीच्या दिवशी मुंडावळ्या बांधूनच आलेला नवरदेवही पाहिला आहे. तेव्हा लग्न हा कागद आहे हे मला कोणी नव्याने सांगायला नको.

त्या कागदामागचा कायदा १९१० सालचा आहे. पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले आणि त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशीच नव्या सरकारने लग्नाचा कायदा काढला. त्याची व्याख्या मी मराठीत अशी सांगेन: विधिवत कुटुंब उभारण्यासाठी भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींनी केलेला करार म्हणजे विवाह. पुढे लगेच म्हटले आहे की हा करार निव्वळ नागरी आहे. देवाधर्माचे नाव नाही. १८६७ च्या नागरी संहितेतही लग्नाला करारच म्हटले होते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज गेले, आणि १९६२ च्या कायद्याने भारताने इथले जुने कायदे तसेच चालू ठेवले. आजही आमची लग्ने त्याच व्याख्येखाली लागतात, आणि समलिंगी जोडपी तिच्या बाहेर राहतात.

इकडे आम्ही ती व्याख्या जपून ठेवली, तिकडे लिस्बनमध्ये काय झाले? ३१ मे २०१० च्या कायद्याने पोर्तुगालने आपल्या नागरी संहितेतल्या लग्नाच्या व्याख्येतून 'भिन्न लिंगाच्या' एवढेच काढून टाकले. 'दोन व्यक्तींनी केलेला करार' राहू दिला. त्या मे महिन्यात पोप सोळावे बेनेडिक्ट पोर्तुगालच्या दौऱ्यावर होते. ते १४ तारखेला परतले आणि १७ तारखेला राष्ट्राध्यक्ष कावाको सिल्व्हा यांनी विधेयकाला मंजुरी देत असल्याचे जाहीर केले. हे गृहस्थ पुराणमतवादी पक्षाचे, मनातून या कायद्याच्या बाजूचे नव्हते. देश बहुसंख्य कॅथलिक. तरी जून उजाडताच पहिली लग्ने लागली. ज्यांनी आम्हाला ते दोन शब्द दिले त्यांनी ते खोडले, आणि आम्ही त्यांना वारसा म्हणून कवटाळून बसलो आहोत.

यातली गंमत गोव्यात राहणाऱ्यालाच कळेल. आमच्या गावातली निम्मी तरुण पोरे आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढतात, आणि २०२० पर्यंत त्यावर कितीतरी जण इंग्लंडमधल्या स्विंडनला गेले. त्यांच्यातला एखादा उद्या आपल्या मित्राशी लग्न करू म्हणेल तर पोर्तुगालमध्ये त्याला २०१० पासून अडसर नाही, इंग्लंडमध्ये २०१४ पासून नाही. आणि चतुर्थीला तो घरी आला की त्याच पोर्तुगीज मुळाच्या कायद्याखाली बिनलग्नाचा! एका माणसाचे लग्न दाबोळीच्या विमानतळावर उतरते आणि सामानाच्या पट्ट्यावरच राहून जाते.

युरोपचे सोडा, त्यांचे त्यांच्यापाशी, असे कोणी म्हणेल. म्हणून शेजाऱ्यांकडे पाहू. आणि शेजाऱ्यांकडे पाहताना मला एकच गोष्ट शोधायची आहे: कायद्यातला बदल माझ्यासमोरच्या टेबलापर्यंत, म्हणजे निबंधकाच्या कारकुनापर्यंत, कसा पोचतो?

नेपाळचे उदाहरण आपल्याकडे मोठ्या कौतुकाने दिले जाते. कौतुक करण्यासारखे आहेच. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे दंडसंहितेचे कलम ३७७ समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होते त्या काळात, सुनील बाबू पंत यांच्या याचिकेवर समलिंगी नागरिकांना समान हक्क दिले आणि समलिंगी विवाहाचा अभ्यास करायला समिती नेमा असे सरकारला बजावले. समितीने २०१५ मध्ये अनुकूल अहवाल दिला. त्याच वर्षी आलेल्या नव्या संविधानाने लैंगिक अल्पसंख्याकांचा नाव घेऊन उल्लेख केला. इथपर्यंत सगळे छान. आणि मग संसदेने काय केले? २०१८ मध्ये लागू झालेल्या नव्या मुलुकी देवानी, म्हणजे नागरी, संहितेत लग्न म्हणजे पुरुष आणि स्त्री यांचेच, असे लिहून ठेवले. न्यायालय एका दिशेला आणि संहिता दुसऱ्या दिशेला.

जून २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश काढला: कायदा बदलेपर्यंत अशा लग्नांची तात्पुरती नोंद ठेवा. आदेश हातात घेऊन एक जोडपे काठमांडूच्या जिल्हा न्यायालयात गेले, तिथे नकार. वरच्या न्यायालयात गेले, तिथेही नकार. शेवटी २९ नोव्हेंबर २०२३ ला लमजुंग जिल्ह्यातल्या दोर्दी गावपालिकेने त्यांचे लग्न नोंदवले. राजधानीतल्या न्यायाधीशांना जमले नाही ते डोंगरातल्या गावपालिकेने केले, हे वाचून मला फार बरे वाटले होते. पुढे इतरांच्याही नोंदी झाल्या. पण त्या 'तात्पुरत्या' शब्दाने मला अस्वस्थ केले. दस्त लिहिणाऱ्या माणसाला विचारा, तात्पुरत्या कागदाची किंमत काय असते. नोंद झाली, पण संहितेतली पती-पत्नीची व्याख्या जुनीच, त्यामुळे वारसा, मालमत्ता, दत्तक हे प्रश्न त्या नोंदीच्या दाराबाहेर उभे.

आता थायलंड. तिथे नेमके उलटे घडले, आणि ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये थायलंडच्या संवैधानिक न्यायालयाने स्पष्ट 'नाही' म्हटले: लग्न पुरुष आणि स्त्रीपुरते ठेवणारे नागरी संहितेचे कलम १४४८ संविधानाशी सुसंगत आहे, काही करायचे तर कायदेमंडळाने करावे. ऐकल्यासारखे वाटते ना? १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी विवाहाच्या सुप्रियो खटल्यात जवळपास हेच सांगितले. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जणांचे एकमत. समलिंगी जोडप्यांना निदान नागरी सहजीवनाची मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन असा नकार. निर्णय विधिमंडळाचा.

फरक पुढे पडला. थाई खासदारांनी ते 'नाही' घरी नेऊन त्यावर काम केले. २७ मार्च २०२४ ला कनिष्ठ सभागृहात ४०० विरुद्ध १० मतांनी विधेयक मंजूर झाले, जूनमध्ये सिनेटने मान्य केले, राजाची संमती आली आणि २३ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला. पहिल्याच दिवशी देशभर अठराशेहून अधिक जोडप्यांनी नोंदणी केली. आपल्याकडे? ९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विचार याचिका फेटाळल्या. दोन आठवड्यांचे अंतर.

थाई कायद्याचा मसुदा कसा केला आहे तो माझ्यासारख्याने मन लावून पाहावा असा आहे. संहितेत 'पुरुष' आणि 'स्त्री' होते तिथे 'व्यक्ती' आले. 'पती-पत्नी' होते तिथे 'जोडीदार'. आणि शेवटी एक तरतूद: इतर कायद्यांत, नियमांत जिथे जिथे पती किंवा पत्नी म्हटले आहे तिथे या कायद्याखालचे जोडीदारही समजावेत. एवढे एक वाक्य! आपल्या सरकारचे वकील सुप्रियो खटल्यात सांगत होते की लग्नाची व्याख्या हलवली तर कितीतरी कायदे कोलमडतील, नवरा कोण आणि बायको कोण हे ठरवायचे कसे. थाई मसुदा लिहिणाऱ्या कोणा कारकुनाने त्याचे उत्तर तीन ओळींत देऊन टाकले आहे.

बाकी शेजारी भराभर सांगतो. पाकिस्तान आणि बांगलादेशात इंग्रजांचे १८६० चे कलम ३७७ अजून त्याच क्रमांकाने नांदते आहे. श्रीलंकेत त्याची भावंडे, ३६५ आणि ३६५ अ. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती रद्द करणाऱ्या विधेयकाला संविधानाची आडकाठी नाही असे सांगितले, पण संसदच विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेले. भूतानने २०२१ मध्ये गुन्हा काढून टाकला, लग्नापर्यंत गेला नाही. सिंगापूरने २०२२ मध्ये एका हाताने गुन्हा पुसला आणि त्याच बैठकीत संविधान बदलून लग्नाची जुनी व्याख्या न्यायालयाच्या तावडीतून सुरक्षित केली. व्यापारी शहर आहे, हिशेब चोख! आणि गोव्याबद्दल एक आठवण: ३७७ आमच्याकडे १९६१ पर्यंत नव्हतेच. ते भारतीय दंडसंहितेबरोबर, मुक्तीनंतर आले. ६ सप्टेंबर २०१८ ला ते सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या संबंधांपुरते निकालात काढले आणि नव्या न्याय संहितेत त्याला जागाच नाही. आमच्या आयुष्यात ते पाहुण्यासारखे आले आणि गेले. दोन शब्द मात्र घरचे आहेत.

मला जे म्हणायचे आहे ते इथून पुढे. समलिंगी विवाहाचा प्रश्न निघाला की आपण दिल्लीकडे बोट दाखवतो. दिल्लीने करावे, संसदेने करावे. गोव्याला तसे बोट दाखवण्याचा अधिकार नाही. कारण आमचा लग्नाचा कायदा दिल्लीने केलेला नाही, आणि त्या कायद्याने समलिंगी जोडप्यांचे जेवढे नुकसान होते तेवढे पलीकडे बांद्याला किंवा सावंतवाडीला होत नाही. हे दुसरे वाक्य मी एका घरावरून सांगतो.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात दोन शिक्षिका राहत. गाव त्यांना थोरली बाई आणि धाकटी बाई म्हणे. २७ वर्षे एका घरात. ओट्यावर दोन खुर्च्या, एकीचा चष्मा दुसरीच्या वर्तमानपत्रावर. त्यांचे नाते काय, हे गावाने कधी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही. मला आजही वाटते की ते विचारणे माझे काम नव्हते, कायद्याचेही नसावे. घर आणि मागचे पोरसू थोरल्या बाईंच्या नावावर होते, एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्यावर त्यांचे एकटीचे नाव. पैसे दोघींच्या पगारातून गेलेले. थोरल्या बाईंनी मृत्युपत्र करून सगळे धाकट्या बाईंना लिहून दिले होते. पावसाळ्यात त्या गेल्या. त्यांची नव्वदीची आई भावाकडे हयात होती.

गोव्याच्या कायद्यात माणसाला आपली निम्मीच मालमत्ता मृत्युपत्राने हवी तशी देता येते. मुले असतील तर उरलेली निम्मी मुलांची, मुले नसतील आणि आईवडील असतील तर त्यांची. हा राखीव हिस्सा. त्याच्यामुळे गोव्यातल्या मुलीला बाप वाऱ्यावर सोडू शकत नाही, आणि त्यासाठी मी त्या कायद्याला सलाम करतो. पण थोरल्या बाईंचे मृत्युपत्र निम्म्यापुरतेच टिकले. निम्मे आईचे झाले, म्हणजे भावाचे. भावाने इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीचा दावा, घातली. इन्व्हेंटरीत घराचे दोन तुकडे होत नाहीत, बोली लागते; ज्याची बोली जास्त त्याला घर आणि दुसऱ्याला पैसे. भावाच्या मुलांपुढे एका निवृत्त शिक्षिकेची बोली कुठपर्यंत जाणार? त्या कागदांची पिशवी घेऊन धाकट्या बाई माझ्या टेबलापाशी आल्या होत्या. उताऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, हातूंत म्हजें नांव खंय?" मी विजेचे बिल पाहिले, घरपट्टीची पावती पाहिली. कुठेच नव्हते.

आता हिशेब मांडू. घराची किंमत शंभर रुपये धरा. त्या दोघी कायद्याने जोडीदार असत्या तर गोव्याच्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, सगळी मालमत्ता दोघींची सामाईक झाली असती. निम्मे, पन्नास, धाकट्या बाईंचे स्वतःचे, वारसा म्हणून मिळालेले नव्हे. असा हक्क असणाऱ्याला वकील मोयटी होल्डर म्हणतात. उरलेल्या पन्नासातले पंचवीस आईचे, पंचवीस मृत्युपत्राने धाकट्या बाईंचे. एकूण पंचाहत्तर, आणि घर त्यांच्या सहीशिवाय हयातीतही विकता आले नसते. लग्न नाही म्हणून पन्नास. मृत्युपत्र नसते तर शून्य. आणि हेच घर सावंतवाडीला, थोरल्या बाई तिथल्याच रहिवासी असत्या आणि घर त्यांच्या कमाईचे असते, तर? तिथे हिंदू बाईला आपली मालमत्ता पूर्णच्या पूर्ण मृत्युपत्राने देता येते. शंभरातले शंभर.

म्हणजे जो कायदा गोव्यातल्या बायकोला देशात सर्वांत भक्कम उभी करतो, तोच कायदा बिनलग्नाच्या जोडीदाराला उघडा टाकतो. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून निघतात. हयातीतच दान करून टाकावे म्हटले तर राखीव हिश्शाला धक्का लावणारे दानही मागे ओढले जाते. पुण्यात फ्लॅट घेऊन सुटका करून घ्यावी म्हटले तर सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुतिन्हो खटल्यात सांगून टाकले आहे की गोवेकराची गोव्याबाहेरची मालमत्ताही गोव्याच्याच वारसा कायद्याने जाईल. त्याच निकालात न्यायालयाने समान नागरी कायद्याचे देदीप्यमान उदाहरण म्हणून गोव्याचा गौरव केला. तो परिच्छेद आमचे पुढारी अजून भाषणात वापरतात.

'समान' या शब्दाचेही जरा खरे बोलू. १८८० च्या फर्मानाने हिंदूंच्या चालीरीती वेगळ्या ठेवल्या होत्या. बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झाले नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर हिंदू नवऱ्याला दुसरी बायको करायची मुभा त्यात होती. आज ती कोणी वापरत नाही. १९४६ च्या फर्मानाने कॅथलिक लग्नांना वेगळी वाट दिली. म्हणजे ज्याला आपण अखंड दगड समजतो तो वेळोवेळी टाकी लावलेला आहे. आणि शेवटची मोठी टाकी तर आपणच लावली. गोवा विधानसभेने २०१२ मध्ये वारसा, नोटरी आणि इन्व्हेंटरी यांचा स्वतःचा कायदा केला, तो २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला. पोर्तुगीज संहितेतले वारशाचे सगळे प्रकरण आम्ही आमच्या हाताने नव्याने लिहिले. तेव्हा कोणी म्हणाले नाही की हे लिस्बनला विचारा किंवा दिल्लीला विचारा.

लग्न आणि घटस्फोट हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे, पाचव्या नोंदीत. राज्याला कायदा करता येतो, केंद्राच्या कायद्याशी खटका उडत असेल तर राष्ट्रपतींची संमती घेता येते. उत्तराखंडने हेच केले. २०२४ मध्ये समान नागरी कायदा मंजूर केला, संमती मिळवली, २७ जानेवारी २०२५ पासून लागू केला. (त्यात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनीही नोंदणी करायची सक्ती आहे, पण तिथेही एक पुरुष आणि एक स्त्रीच. समलिंगी जोडप्यांकडे एवढे दुर्लक्ष की त्यांना त्रास द्यायचेही सुचले नाही.) मुद्दा असा की राज्याचे हात बांधलेले नाहीत. सुप्रियो खटला चालू असताना केंद्राने राज्यांची मते मागवली होती. सात राज्यांची उत्तरे आल्याचे न्यायालयाला सांगण्यात आले. आंध्र, आसाम आणि राजस्थान यांनी विरोध कळवला, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम यांनी वेळ मागितला. शतकाहून अधिक काळ नागरी विवाहाचा अनुभव असलेल्या गोव्याचे नाव त्या सातांत नव्हते.

मग काय करावे? माझे मत सरळ आहे: लग्नाच्या व्याख्येतले दोन शब्द काढावेत आणि थाई पद्धतीचे ते एक वाक्य जोडावे. वेगळे खाते उघडू नये. तैवानने २०१९ मध्ये आशियात पहिला मान मिळवला, पण जनमत कौल विरुद्ध गेल्यामुळे मूळ संहितेला हात न लावता वेगळा कायदा केला. त्यात दत्तकाचा हक्क तोकडा राहिला, परदेशी जोडीदारांचा प्रश्न राहिला, आणि २०२३ पर्यंत ठिगळे लावावी लागली. पोर्तुगालनेही २०१० मध्ये दत्तक वगळले होते, तो हक्क द्यायला २०१६ उजाडले. ठिगळ लावायचा काळ कागदावर सहा वर्षे दिसतो, पण घरातले मूल तेवढ्यात शाळेत जायला लागते.

विधानसभेला एवढे धैर्य एकदम होणार नाही, हे मला दिसते. तर मग २०१२ च्या त्यांच्याच कायद्यापासून सुरुवात करावी. माणसाने नोटरीसमोर एका व्यक्तीला सोबती म्हणून नोंदवावे, आणि त्या व्यक्तीला राहत्या घराचा निम्मा मालकीहक्क आणि इन्व्हेंटरीत ते घर पहिल्यांदा घेण्याचा हक्क मिळावा. 'लग्न' हा शब्दही उच्चारावा लागणार नाही. मला ही पायरी आवडत नाही, कारण पायरीवर बसून राहण्याची आपल्याला सवय आहे. केंद्राने २०२४ मध्ये असेच केले: समिती नेमली, मग कळवले की समलिंगी जोडीदाराला रेशनकार्डावर घरातला सदस्य धरावे, बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि नॉमिनी लावायला बंदी नाही. बंदी कधीच नव्हती! तरी धाकट्या बाईंच्या बाबतीत ही पायरी असती तर बोलीच्या दिवशी त्या घराबाहेर पडल्या नसत्या.

हरकती माझ्या टेबलावर रोज येतात, कारण वाट पाहणारी माणसे गप्पा मारतात. एक गृहस्थ म्हणाले, लग्न हा संस्कार आहे. असेल. तुमच्या देवळात, आमच्या देवळात तो संस्कारच राहू द्या, महाजनांना कोणी विचारणार नाही, पाद्रीला कोणी सक्ती करणार नाही. पण आमच्या निबंधकाच्या कार्यालयात ११० वर्षांहून अधिक काळ संस्कार होत नाही, करार होतो, आणि त्या कराराचा अभिमान तुम्हीच समान नागरी कायद्याच्या सभेत सांगता. दुसरे म्हणाले, समाज तयार नाही. गावाने २७ वर्षे दोघींना हळदीकुंकवाला एकत्र बोलावले होते. तयार नव्हते ते उताऱ्याचे रकाने.

एक हरकत मात्र मला खरी वाटते, आणि ती एका मुलीने घेतली. ती म्हणाली, काका, उद्या कायदा झाला तरी तुमच्या त्या फलकावर आमची दोघींची नावे लागणार ना? तिचा काका रोज त्या फलकासमोर उभा राहून चहा पितो. नोटिशीचे दिवस साध्या आंतरजातीय जोडप्यालाही जड जातात. घरच्यांना निरोप पोचतो, मुलीला मामाकडे पाठवले जाते, दुसऱ्या सहीला कोणी येत नाही. अशा रद्द झालेल्या नोटिसा मी पाहिल्या आहेत. तेव्हा व्याख्या बदलताना फलकाचाही विचार करावा लागेल. हरकत घेणाऱ्याने कार्यालयात येऊन नाव सांगून मागितले तरच नोंद दाखवावी, एवढे केले तरी पुष्कळ. त्याचा फायदा सगळ्यांच्याच मुलींना होईल.

धाकट्या बाई आता बहिणीच्या मुलीकडे, फोंड्यापासून लांब नाही, एका खोलीत राहतात. गेल्या हिवाळ्यात स्वतःचे मृत्युपत्र करायला आल्या. त्यांचे आईवडील गेलेले, मूल नाही, म्हणजे राखीव हिश्शाचा वारस कोणी नाही. त्या आपले सगळे कोणालाही देऊ शकतात. बोलीतून मिळालेले पैसे बँकेत आहेत, ते त्यांनी भाचीच्या नावे लिहिले. ओट्यावरच्या दोन खुर्च्या वेगळ्या लिहायला सांगितल्या, दोन्ही एकाच घरी जाव्यात म्हणून. गोव्यातल्या प्रत्येक दस्तात नावापुढे वैवाहिक स्थिती टाकावी लागते, विवाहित असेल तर जोडीदाराचे नाव. मी नाव लिहिले, वय लिहिले, निवृत्त शिक्षिका लिहिले आणि थांबलो. त्या संगणकाच्या पडद्याकडे पाहत होत्या.

"अविवाहितच लिही रे," त्या म्हणाल्या. "दुसरा शब्द आहे का तुझ्याकडे?"